यूटीसीची वेळ भारतीय वेळेत कशी आणावी

भूकंपाची नोंद, विमानतळाचा हवामान अहवाल, ग्रहणाचं वेळापत्रक, परदेशी विद्यापीठाच्या अर्जाची मुदत, सर्व्हरचा लॉग. या सगळ्यांत वेळेपुढे ‘यूटीसी’ लिहिलेलं असतं, नाहीतर शेवटी इंग्रजी ‘झेड’ हे एकच अक्षर असतं. दोन्हींचा अर्थ एकच: ही जागतिक समन्वित वेळ आहे, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाची नाही. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरीही गोंधळ होतो, आणि तो सहसा तासांत होत नाही, तारखेत होतो. म्हणून या लेखात बेरजेपेक्षा तारखेला जास्त जागा दिली आहे.

साडेपाचच का, हेही एकदा समजून घ्या म्हणजे आकडा विसरणार नाही. यूटीसी शून्य रेखांशावरच्या, म्हणजे लंडनमधल्या ग्रीनिचच्या वेळेशी जुळते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. ८२.५ ला १५ ने भागा, साडेपाच येतात.

पायरी १: वेळ चोवीस तासांच्या घड्याळातच वाचा

यूटीसीमध्ये १४:२० लिहिलं असेल तर ते १४:२० च राहू द्या. लगेच ‘दुपारचे दोन वीस’ असं मनात म्हणू नका. ती दुपार ग्रीनिचची आहे, आपली नाही. सकाळ, दुपार, रात्र हे शब्द उत्तर हाती आल्यावर वापरायचे.

पायरी २: सहा तास मिळवा, अर्धा तास काढा

थेट साडेपाच मिळवायला गेलं की मिनिटांचा हातचा येतो आणि तिथे घसरायला होतं. त्यापेक्षा आधी सहा तास मिळवा आणि मग तीस मिनिटं वजा करा. १४:२० चे २०:२० झाले, तीस मिनिटं काढली की १९:५०, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे आठला दहा कमी.

पायरी ३: तारीख बघा

उत्तर २४ किंवा त्याहून जास्त आलं तर त्यातून २४ वजा करा आणि तारीख एक दिवस पुढे न्या. लक्षात ठेवायची सीमा एकच, यूटीसीचे १८:३०. त्या क्षणी आपल्याकडे मध्यरात्र होते. यूटीसी १८:३० पासून २३:५९ पर्यंतच्या प्रत्येक नोंदीला भारतात पुढची तारीख असते. महिनाअखेर असेल तर महिना बदलतो, ३१ डिसेंबर असेल तर वर्षही.

ही पायरी किती महत्त्वाची आहे हे किल्लारीच्या भूकंपाच्या नोंदीवरून कळतं. १९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० सप्टेंबर हीच तारीख घराघरांत कोरलेली आहे. आंतरराष्ट्रीय भूकंपसूचीत मात्र हा भूकंप २९ सप्टेंबर, २२:२५:४८ असा सापडतो. कुणालाही वाटेल की सूचीत चूक झाली. पण हिशोब करून पाहा. २२:२५ मध्ये सहा तास मिळवले की २८:२५, अर्धा तास काढला की २७:५५, त्यातून २४ गेले की ३:५५. पुढचे ४८ सेकंद धरले तर तीन छप्पन्नला बारा सेकंद कमी, आणि तारीख ३० सप्टेंबर. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, एकच क्षण दोन घड्याळांत लिहिलेला आहे.

कोयनेचंही तसंच. आपल्यासाठी तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४:२१ चा भूकंप. सूचीत तो १० डिसेंबर, २२:५१ ला आहे. तेव्हा शाळा-कॉलेजच्या प्रकल्पासाठी अशा सूचीत भारतातली घटना शोधायची असेल, तर शोध आदल्या दिवसापासून सुरू करा. पहाटे साडेपाचच्या आधीची घटना स्थानिक तारखेखाली सापडणारच नाही, आणि ‘नोंदच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

उत्तर पडताळायला हवामानाचं घड्याळ

पावसाळ्यात रोज ऐकू येणारं वाक्य आठवा: ‘सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत’. हे साडेआठ कुठून आले? जगभरातल्या वेधशाळा एकाच क्षणी निरीक्षणं घेतात, म्हणजे नकाशावर सगळ्यांचे आकडे जुळतात. त्या वेळा यूटीसीत ००, ०३, ०६, ०९ अशा तीन-तीन तासांनी असतात. यूटीसीचे ०३:०० म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊसही २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे. ००:०० ला आपले पहाटेचे साडेपाच आणि १२:०० ला संध्याकाळचे साडेपाच, एवढ्या जोड्या डोक्यात असल्या की कुठलंही उत्तर भलतीकडे गेलं तर लगेच खटकतं.

विमानतळाच्या हवामान अहवालात तारीख आणि वेळ सहा आकड्यांत एकत्र येतात. १५२११०झेड असं दिसलं तर पहिले दोन आकडे तारीख, पुढचे चार वेळ: १५ तारीख, २१:१० यूटीसी. मुंबईत तेव्हा १६ तारखेच्या रात्रीचे २:४० झालेले असतात.

सरावासाठी ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण घ्या. खंडग्रास टप्पा १६:२७ यूटीसीला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे रात्री ९:५७ ला. खग्रास अवस्था १८:५२ ला संपली. आपल्याकडे तेव्हा १२:२२ वाजले होते आणि तारीख ८ झाली होती. यूटीसीच्या तक्त्यात हे सगळं एकाच तारखेत दिसतं.

उलट दिशेने

भारतीय वेळेतून यूटीसी काढताना सहा तास वजा करा आणि अर्धा तास मिळवा. वेळ पहाटे साडेपाचच्या आधीची असेल तर तारीख एक दिवस मागे जाते. काट्यांचं घड्याळ असेल तर आणखी सोपं आहे. घड्याळ उलटं धरा, म्हणजे बाराचा आकडा खाली. आता डायलवरचे आकडे सोडून काट्यांच्या जागा सरळ घड्याळासारख्या वाचा. तासकाटा ज्या आकड्याच्या सर्वांत जवळ तो तास, आणि मिनिटकाटा दाखवेल ती मिनिटं. दुपारी सव्वातीनला घड्याळ उलटं केलं की पावणेदहा दिसतात, आणि यूटीसी खरोखर ०९:४५ असते. घड्याळ अर्धं फिरवलं की तासकाटा सहा तास आणि मिनिटकाटा तीस मिनिटं सरकतो, त्यामुळे हे जमतं. सकाळ की रात्र हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं.

परदेशातल्या माणसांशी वेळ ठरवताना

मुंबईहून थेट न्यू जर्सीवर उडी मारू नका, मध्ये यूटीसीवर थांबा. रविवारी संध्याकाळी सात म्हणजे १३:३० यूटीसी. मॉरिशस आणि दुबई यूटीसीपुढे चार तास, तिथे साडेपाच. लंडनमध्ये हिवाळ्यात १३:३० च, उन्हाळ्यात १४:३०. न्यू जर्सीत हिवाळ्यात पाच तास वजा, म्हणजे सकाळचे साडेआठ. उन्हाळ्यात चारच तास वजा, म्हणजे साडेनऊ.

अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. ब्रिटन मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतो. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे न्यू यॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं असतं. दर आठवड्याच्या ऑनलाइन वर्गांचा विचका याच दिवसांत होतो. अमेरिकेत अॅरिझोना राज्याचा बहुतेक भाग आणि हवाई घड्याळ बदलतच नाहीत. यूटीसी उन्हाळा-हिवाळा पाळत नाही, आपणही नाही, म्हणून आपला साडेपाचाचा हिशोब वर्षभर तोच राहतो.

जुने कागद वाचणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ त्यानंतरही कित्येक वर्षं चालू होता आणि तो ग्रीनिचच्या फक्त ४ तास ५१ मिनिटं पुढे होता. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात घड्याळं एक तास पुढे केलेली होती. त्या काळच्या नोंदींना साडेसहा तासांचा फरक धरावा लागतो.

मुदत वाचताना आणि स्वतः वेळ लिहिताना

‘१५ जून, २३:५९ यूटीसी’ ही मुदत आपल्याकडे १६ जूनच्या पहाटे ५:२९ ला संपते. ‘१५ जून, ००:०० यूटीसी’ असेल तर ती १५ जूनच्या पहाटे साडेपाचला संपते, म्हणजे तुमच्या हातात १४ तारखेची रात्र आहे, १५ चा दिवस नाही. इथे विद्यार्थ्यांचं खरं नुकसान होतं, म्हणून ००:०० दिसलं की थांबून दोनदा वाचा. संशोधन परिषदांच्या सूचनेत ‘एओई’ (एनिव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत) असेल तर ती यूटीसीच्या बारा तास मागची वेळ. १५ जून २३:५९ एओई म्हणजे आपल्याकडे १६ जून, संध्याकाळी ५:२९.

एक्सेलमध्ये शेकडो नोंदी बदलायच्या असतील तर तारीख आणि वेळ एकाच खान्यात ठेवा आणि शेजारच्या खान्यात =ए२+५.५/२४ हे सूत्र रोमन अक्षरांत आणि आकड्यांत टाका. खान्याचं स्वरूप तारीख-वेळ असं निवडा, तारीख आपोआप पुढे सरकते. नुसती वेळ असलेल्या खान्यात ती सरकणार नाही.

आणि स्वतः लिहिताना भारतीय प्रमाणवेळेसाठी ‘आयएसटी’ एवढंच लिहू नका. आयर्लंड आणि इस्राएलही आपापल्या वेळेसाठी तीच अक्षरं वापरतात. वार, तारीख, वेळ आणि फरक असं पूर्ण लिहा: ‘रविवार, १५ मार्च २०२६, १९:०० (+०५:३०), म्हणजे १३:३० यूटीसी’.