फाउंड्रीतली शिकाऊ उमेदवारी: टिकायचं कसं आणि सोडायचं ठरलं तर कधी

मी कोल्हापुरात फिटर ट्रेडचा आयटीआय केला. त्यानंतरची एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात केली, पुढे काही वर्षं मेंटेनन्समध्ये नोकरी केली आणि आता आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून फिटरच शिकवतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला जुन्या मुलांचे फोन सुरू होतात. उमेदवारीला लागून दोन-तीन महिने झालेले असतात आणि बहुतेकांचं एकच म्हणणं असतं, "सर, जमंल असं वाटंना. सोडू का?" फोनवर पाच मिनिटांत जे नीट सांगता येत नाही, ते इथं सविस्तर लिहितो.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आपण व्हाइसवर जॉब बांधून शांतपणे कानस मारतो. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप बघतो, एकमेकांत बसणाऱ्या मेल-फिमेल जॉबच्या फटीतून उजेड दिसतो का ते तपासतो. फाउंड्रीत पहिल्या दिवशी दिसते ती वाळू. डोक्यावरून पट्ट्यांवर धावणारी, मिक्सरमधून सांडणारी, बेअरिंगमध्ये शिरणारी वाळू. कास्ट आयर्न साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सिअसला ओततात. एप्रिल-मेमध्ये त्या शेडमध्ये आठ तास काढणं काय असतं, ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्यात रात्रपाळी. आमच्या वेळी रात्रीची वीज स्वस्त मिळायची, म्हणून इंडक्शन भट्ट्या रात्री जोरात चालायच्या आणि ब्रेकडाउनही रात्रीच व्हायचे. तेव्हा पहिल्या महिन्यांत अंग मोडून आलं, झोपेचं तंत्र बिघडलं, घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही, तर त्यावरून स्वतःला कच्चं समजू नका. हे सगळ्यांचं होतं, फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

ओरडा हे मुलं सोडून जाण्याचं दुसरं मोठं कारण. सुपरवायझर भर शेडमध्ये ओरडतो आणि गावाकडून आलेल्या पोराला तो अपमान आठवडाभर विसरता येत नाही. शिवीगाळ कुणाचीही सहन करू नका, हे आधीच सांगतो. पण घाईमागचं कारण समजलं की निम्मा ताण उतरतो. एसजी आयर्न या चिवट जातीच्या ओतीव लोखंडात मॅग्नेशियम घालतात. त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरू लागतो, म्हणून लॅडल, म्हणजे वितळलेला धातू नेण्याचं भांडं, भरल्यावर धातूला थांबवून चालत नाही. तेवढ्यात मोल्डिंग लाइनचा कन्व्हेयर बंद पडला तर तो सगळा धातू परत भट्टीत घालावा लागतो, नाहीतर बाजूला ओतून टाकावा लागतो. फिटरला 'लवकर कर' का म्हणतात, याचं उत्तर त्या लॅडलमध्ये आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोकळ्या वेळात भट्टीवरच्या माणसांजवळ उभा राहून विचारत गेलो, तेव्हा कळलं. तुम्हीही आपल्या विभागाबाहेर डोकावत राहा. साचा ज्यावरून घेतात तो पॅटर्न कुठून येतो, आतली पोकळी ठेवणारा वाळूचा कोअर कसा बसतो, कास्टिंगला, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागाला, ब्लोहोल (वायूचं भोक) का पडतो, हे विचारणाऱ्या पोराला जुनी माणसं मनापासून सांगतात.

आता कागदाचा भाग. तो कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या मते टिकण्याचा निम्मा भाग तोच आहे.

तुमची उमेदवारी शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खाली नोंदलेली आहे का, हे पहिल्याच आठवड्यात अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर बघा. करार क्रमांक आणि ट्रेडचं नाव बरोबर असलं पाहिजे. काही ठिकाणी मुलांना नुसतं 'ट्रेनी' म्हणून ठेकेदाराच्या हजेरीवर घेतात आणि मुलंही त्यालाच उमेदवारी समजतात. वर्ष संपल्यावर ऑल इंडिया ट्रेड टेस्टचा फॉर्म भरायला गेलं की खरं काय ते कळतं. २०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे आणि तिच्यात आयटीआयवाल्याला महिना ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं. ती चांगली असली तरी वेगळी आहे, तिच्यातून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी, मिळत नाही.

स्टायपेंडचंही तसंच. २०१९ च्या नियमांनुसार दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला किमान ८,०५० आणि एक वर्षाचा केलेल्याला ७,७०० रुपये ठरले होते. कंपनी केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत असेल तर स्टायपेंडमधला २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात भरतं. तो कंपनीच्या रकमेसोबत येईलच असं नाही. म्हणून पैसे कापले असं समजून भांडायला जाण्याआधी पासबुक नीट बघा आणि खातं आधारला जोडलेलं आहे का ते तपासा.

माझ्या उमेदवारीत पहिले काही आठवडे मला फेटलिंगला लावलं होतं. कास्टिंगच्या कडा ग्राइंडरने साफ करायच्या, पेट्या भरायच्या. काम कमी प्रतीचं होतं असं मी म्हणत नाही, ती माणसं आयुष्यभर ते करतात. पण फिटरच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं आणि माझं वर्ष त्यात जाणार होतं. मी रोजची डायरी लिहीत होतो. तारीख, विभाग, केलेलं काम, सांगणाऱ्याचं नाव, एवढंच. ती डायरी आणि ट्रेडचा अभ्यासक्रम घेऊन एचआरकडे गेलो. तिथं टोलवाटोलवी झाली, तेव्हा बीटीआरआय, म्हणजे उमेदवारांचं मूलभूत प्रशिक्षण बघणाऱ्या सरकारी केंद्रातल्या सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांना लेखी अर्ज दिला. त्यांनी कंपनीला विचारणा केली आणि माझी मेंटेनन्सला बदली झाली. आवाज चढवावा लागला नाही, कुणाच्या ओळखीची चिठ्ठीही लागली नाही. म्हणून डायरी लिहाच. उमेदवाराला ओव्हरटाइम लावायलाही सल्लागाराची मंजुरी लागते, हे कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे, ते कलम १६ मध्ये. कायदा आपल्याला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. पण कारखान्यातल्या कामगारांसाठी असलेल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या कायदेशीर तरतुदी आपल्यालाही लागू आहेत.

सुरक्षेवरून आठवलं, आणि हे मी वर्गात दर बॅचला ठासून सांगतो. वाळूच्या मिक्सरमध्ये, कन्व्हेयरखाली किंवा कुठल्याही फिरत्या यंत्रात हात घालण्याआधी आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करून त्याला आपलं कुलूप लावा आणि किल्ली आपल्या खिशात ठेवा. 'मी पॅनलपाशी उभा आहे, तू उतर' या शब्दावर उतरू नका. बोलणारा प्रामाणिक असतो, पण त्याला कुणीतरी हाक मारतं आणि तिसराच माणूस बटण दाबतो.

धुळीबाबत मी त्याहून कडक आहे. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका. नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) आणि फेटलिंगच्या जागी उडणारी तिची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि वर्षानुवर्षं साचून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. निदान एन९५ दर्जाचा मास्क लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. कंपनी देत नसेल तर लेखी मागा. मिळेपर्यंत स्वतःच्या पैशाने घ्या, जेवणात काटकसर करू नका पण दुसऱ्या कशात तरी करा आणि तो घ्या. मागूनही मास्क मिळत नाही, धूळ ओढणारी यंत्रणा बंद पडलेली आहे, कुलूप लावू देत नाहीत, अशी जागा असेल तर प्रमाणपत्राची वाट बघू नका. सल्लागाराकडे तक्रार करा आणि आस्थापना बदलून मागा. या एका बाबतीत मी मुलांना 'थोडं सोस' असं कधीच म्हणत नाही.

मेंटेनन्सला गेल्यावर माझं वर्ष पालटलं ते तिथल्या एका मामांमुळे. निवृत्तीला आलेले फिटर होते. पहिल्याच दिवशी मी पाना घेऊन पुढे सरसावलो तर म्हणाले, "पोरा, आधी ऐक. यंत्र बोलतंय न्हवं?" लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून ते आवाज ऐकायचे. कोरडं बेअरिंग कसं किरकिरतं, आतली गोळी फुटलेली असली की ठोका कसा पडतो, अलाइनमेंट चुकली की पूर्ण पंपच कसा घुमतो, हे त्यांनी मला कानानं शिकवलं. मी प्रत्येक ब्रेकडाउन वहीत उतरवू लागलो. काय झालं, कशामुळे झालं, काय बदललं, किती वेळ लाइन बंद राहिली. पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी गुणपत्रिका बाजूला ठेवून ती वही अर्धा तास चाळली. तुमच्या शेडमध्येही असे मामा असतील. ते स्वतःहून शिकवायला येणार नाहीत. त्यांच्याबरोबर चहाला बसा, त्यांचं सामान उचला, आणि त्यांनी एखादी गोष्ट दाखवली की पुढच्या वेळी ती करून दाखवा.

एवढं करूनही मन लागत नसेल तर? लागत नाही अशी मुलं असतात आणि त्यात काही वावगं नाही. मी त्यांना एक काम देतो. पंधरा दिवस डायरीत रोज एक ओळ जास्तीची लिहा, 'आज सगळ्यात नकोसं काय झालं?' रात्रपाळीनंतर डोळे मिटत असताना लिहू नका, सुट्टीच्या दिवशी किंवा दिवसपाळीत लिहा. नंतर एकत्र वाचा. बहुतेकांच्या वहीत एका ठरावीक माणसाचं नाव वारंवार येतं, किंवा धूळ, उष्णता आणि प्रवास येतो. त्यांचा ट्रेड बरोबर असतो, जागा चुकलेली असते. तोच फिटर दुसऱ्या वर्षी गोकुळ शिरगावच्या मशिन शॉपमध्ये, साखर कारखान्यात किंवा दूध संघाच्या प्लांटमध्ये आनंदाने काम करतो. काहींच्या वहीत मात्र कामच नकोसं असल्याचं दिसतं. हातात हत्यार घ्यावंसं वाटत नाही, यंत्र दुरुस्त झाल्यावरही बरं वाटत नाही. त्यांनी बाहेर पडायचं नक्की करावं आणि अपराधी वाटून घेऊ नये.

पण बाहेर कधी पडायचं? फिटरची उमेदवारी एकच वर्षाची आहे. जीवाला आणि फुप्फुसाला धोका नसेल तर माझं स्पष्ट मत आहे की वर्ष पूर्ण करा, ट्रेड टेस्ट द्या, एनएसी घ्या आणि मग जा. मधेच सोडलं तर करार रद्द करण्यासाठी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो आणि उमेदवाराची चूक ठरली तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागू शकतो, हे कलम ७ मध्ये आहे. पालकांनी सही केलेला तो करार घरी कुणीच वाचलेला नसतो. तो वाचा.

आणि वर्ष चालू असतानाच पुढच्या वाटेची चौकशी सुरू करा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पुढे डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. गणित कच्चं असेल तर उमेदवारीच्या काळातच दहावीचं बीजगणित पुन्हा हातात घ्या. आमची जी मुलं डिप्लोमात अडखळली ती गणितातच अडखळली. फाउंड्रीतच राहायचं पण शेडमधून बाहेर यायचं असेल तर सॅन्ड लॅब आहे, स्पेक्ट्रोमीटरवर धातूची तपासणी आहे, अल्ट्रासोनिकसारखी एनडीटी, म्हणजे कास्टिंग न फोडता केलेली तपासणी, आहे, पॅटर्नचं कॅड आणि कास्टिंगचं सिम्युलेशन आहे. तिथं फाउंड्री बघितलेल्या माणसाला मान असतो, कारण संगणकावरचा दोष त्याने खऱ्या कास्टिंगमध्ये पाहिलेला असतो. रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात. तो विचार असेल तर उमेदवारीची जागा निवडतानाच करायला हवा.

मी स्वतः शिकवण्याकडे वळलो. मामांनी शिकवलेलं नव्या पोरांना दाखवताना मला जेवढं समाधान मिळायचं तेवढं ब्रेकडाउन काढून मिळत नव्हतं. त्यासाठी सीआयटीएस नावाचा एक वर्षाचा निदेशक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. त्याला अखिल भारतीय प्रवेश परीक्षा असते. मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत तो चालतो. आयटीआय किंवा एनएसी, तीन वर्षांचा अनुभव आणि सीआयटीएस, एवढ्यावर निदेशकाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. म्हणजे मला नकोशा झालेल्या शेडमधली वर्षंच पुढच्या दाराची अट निघाली.

घरी कसं सांगायचं, हा प्रश्न मुलं सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. आपल्याकडे बाप ऊस तोडणीच्या हंगामात राबून पोराला आयटीआयला घालतो. त्याला 'मला कंटाळा आलाय' हे वाक्य कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही करू नये. पण 'अप्पा, ऑगस्टात परीक्षा हाय, तंवर करतो. मग डिप्लोमाला अर्ज करतो, फी एवढी हाय, सकाळी कॉलेज आणि दुपारी वर्कशॉपात काम बघतो,' हे त्याला नीट कळतं. तारीख आणि आकडा घेऊन जा. आईला वेगळं आणि आधी सांगा.

कंपनी सोडताना काही कागद मागून घ्या. उमेदवारी पूर्ण केल्याचं पत्र, विभागवार प्रशिक्षणाची नोंद, स्टायपेंड खात्यात जमा झाल्याचे उतारे, आणि ज्यांच्या हाताखाली शिकलात त्या दोघा-तिघांचे फोन नंबर. पोर्टलवरचं आपलं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळते का ते ट्रेड टेस्टच्या फॉर्मआधीच बघा. एका अक्षराचा फरक असला तरी एनएसी दुरुस्त करून घेण्यात महिने जातात आणि तेवढ्यात पॉलिटेक्निकची प्रवेशफेरी संपते.