तात्या विंचूच्या चाहत्यांवर माहितीपट कसा करावा

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला आणि त्याचा त्रिमितीय दुसरा भाग २०१३ साली. त्यातला रामदास पाध्ये यांचा बाहुला तात्या विंचू आजही गावोगावी आठवला जातो. हे प्रेम टिपायचे असेल, तर सुरुवात चित्रपटापासून न करता माणसांपासून करावी. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि झाडीपट्टीची, म्हणजे तिथल्या स्थानिक रंगभूमीची, नाटके रात्रभर चालतात, तेथे चाहते आयतेच भेटतात. पश्चिम विदर्भात मात्र त्याच दिवसांत कापूस वेचणी सुरू असल्याने मुलाखतीची वेळ काम उरकल्यावरचीच मागावी.

‘चित्रपट आवडतो का?’ असे विचारल्यास ‘हो’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी तो पहिल्यांदा कोठे पाहिला, शेजारी कोण बसले होते, घरी परतताना अंधाराची भीती वाटली का, असे विचारावे आणि उत्तर संपल्यावरही कॅमेरा काही क्षण चालू ठेवावा, कारण खरी आठवण बहुधा त्या शांततेनंतरच बाहेर पडते. चित्रण मोबाइलवर चालेल. आवाजात मात्र तडजोड नको. कॉलर माइक लावावा, कूलर बंद करावा आणि वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतील बोलणे ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा.

मूळ दृश्यांसाठी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी, कारण भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यापेक्षा तात्या विंचूचा तो प्रसिद्ध मंत्र आजोबा आणि नातू यांच्याकडून आपापल्या ढंगात म्हणवून घेणे स्वस्त आणि, माझ्या मते, अधिक रंजकही.

पहिला खेळ गावातच, समाजमंदिरासमोर पडदा बांधून करावा. ज्यांच्या मुलाखती संकलनात गळल्या, त्यांना मात्र आधीच सांगून ठेवावे.