बुटका समुद्रघोडा घरी वाढवायचा तर आधी त्याचा चारा पिकवा

हिप्पोकॅम्पस झॉस्टेरी, म्हणजे बुटका समुद्रघोडा, उभा मोजला तर जेमतेम अडीच सेंटिमीटर भरतो. मेक्सिकोचं आखात, फ्लोरिडाचा किनारा आणि बहामाज इथल्या उथळ समुद्री गवतात तो शेपटीने पात्याला धरून राहतो. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. समोरून जाणारं जिवंत भक्ष्य नळीसारख्या तोंडाने शोषून घ्यायचं, ते भरभर आतड्यातून पुढे जाणार आणि पुन्हा भूक लागणार, असा त्याचा दिवस. म्हणून त्याला सतत खाणं लागतं आणि ते हलतं लागतं. गोठवलेलं खाद्य बहुतेक बुटके घोडे बघतही नाहीत.

तरीही समुद्रघोड्यांमध्ये घरच्या छोट्या टाकीला हीच जात सगळ्यांत योग्य. पाच गॅलनमध्ये ती सुखाने राहते. तिची पिल्लं जन्मतः सात-आठ मिलिमीटरची असतात आणि पहिल्या दिवसापासून मोठ्यांचाच चारा खातात. इतर जातींमध्ये पहिल्या पंधरवड्यात पिल्लांना पुरेसं बारीक खाद्य देताना नाकी नऊ येतात, तो पेच इथे नाही. त्याबदल्यात सकाळ-संध्याकाळ, सणवारीसुद्धा, ताजी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे चिमुकले जीव, अंड्यांतून उबवून घालावी लागते. ज्या घरात हे जमणार नाही तिथे हा प्राणी आणू नये.

भारतातल्या वाचकांसाठी हे आधीच सांगायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून समुद्रघोड्यांना संरक्षण दिलं आहे. त्यांना पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. शोभेच्या माशांच्या दुकानात कुणी हळूच देऊ केला तरी घेऊ नका. कोकणात जाळ्यात जिवंत सापडला तर तो परत पाण्यात जायला हवा. पुढची माहिती प्रामुख्याने अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, जिथे टाकीतच पैदास झालेले बुटके घोडे विकत मिळतात. तिथेही समुद्रातून धरून आणलेले घेऊ नका. ते परजीवी सोबत आणतात आणि विणीच्या गवतातून तेवढे प्राणी कमी होतात.

टाकी आणि पाणी

पाच ते दहा गॅलन, म्हणजे १९ ते ३८ लिटर. यापेक्षा मोठी टाकी घेतली तर चारा पाण्यात विरळ होतो. घोडा शिकारीमागे धावत नाही, त्यामुळे भरल्या टाकीत उपाशी राहतो. अडीच गॅलनची टाकी दिसायला गोजिरी असते, पण बाष्पीभवनाने तिचा खारटपणा एका दिवसात हलतो. गॅलनमागे एक जोडी हे प्रमाण धरा. सुरुवात तीन-चार जोड्यांनी करा. एकटादुकटा घोडा ठेवू नका.

गाळणीसाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. नळीवर हवेचा व्हॉल्व्ह बसवा आणि बुडबुडे मोठे, सावकाश ठेवा. मागे टांगायचे फिल्टर चारा ओढून घेतात आणि पिल्लंही. तळ मोकळा ठेवला तर उरलंसुरलं दिसतं आणि उपसता येतं. वाळू हवीच असेल तर अ‍ॅरागोनाइटचा एक सेंटिमीटर थर पुरे. जिवंत खडक, म्हणजे समुद्रातल्या जीवजंतूंसकट आणलेला, नको, कोरडा खडक घ्या. जिवंत खडकाबरोबर काय काय येतं ते पुढे येईलच.

तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात घर तापवलेलं असतं, त्यामुळे बहुतेकांना हीटर लागतच नाही. टेक्ससच्या उन्हाळ्यात मात्र पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा लावायची तयारी हवी. पाणी २६ अंशांच्या वर राहिलं की व्हिब्रिओसारखे जिवाणू फोफावतात आणि घोडे एकामागून एक आजारी पडतात. हीटर लावलाच तर २५ वॉटचा, जाळीच्या आवरणासह. घोडा उघड्या हीटरला शेपटी गुंडाळून बसतो आणि भाजतो.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं. त्यात लिटरला साधारण ३३ ते ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळून पंपाने रात्रभर फिरवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट गुरुत्व १.०२२ ते १.०२५ आणा. रिफ्रॅक्टोमीटर नळाच्या पाण्यावर नाही, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणावर जुळवा. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावून ठेवा. पातळी उतरली की फक्त गोडं आरओ पाणी घालायचं, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. पीएच ८.१ ते ८.४ असावा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखांत २० भाग) आत.

टाकी मुरायला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात रुजायला, चार ते सहा आठवडे द्या. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या. तो २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसला, की टाकी तयार. मुरलेल्या टाकीतला स्पंज मिळाला तर हे लवकर होतं, पण त्या टाकीत हायड्रॉइड (डंख मारणारे बारीक जीव, त्यांच्याबद्दल पुढे) असतील तर तेही फुकटात मिळतात.

धरायला आधार भरपूर हवा: ग्रासिलेरिया, कॉलेर्पा प्रोलिफेरा किंवा मऊ प्लॅस्टिकची बारीक पात्यांची झाडं. समुद्री शेवाळ नायट्रेटही खातं, पण कॉलेर्पा वाढली की वेळच्या वेळी छाटा. ती एका रात्रीत पांढरी पडून विरघळते आणि पाणी नासवते. कीटोमॉर्फा या दोऱ्यांसारख्या शेवाळाचा घट्ट गुंता पिल्लांच्या टाकीत नको, पिल्लं त्यात अडकतात. साफसफाईला नॅसेरियस आणि सेरिथ गोगलगायी चालतात. दुसरा मासा, शंखातला खेकडा, कोळंबी, अ‍ॅनिमोनी यांतलं काहीच नको.

चारा

इथे कसूर चालत नाही. घोडे आणायच्या आधी निदान दोन आठवडे आर्टेमिया रोज उबवून हात बसवा.

दोन लिटरच्या सोड्याच्या दोन बाटल्या घ्या. तळ कापा, टोपण घट्ट लावून बाटली उलटी उभी करा, हवेची नळी थेट निमुळत्या टोकापर्यंत सोडा. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम मीठ, तापमान २५ ते २८ अंश, वर दिवा, आणि हवा इतकी जोरात की एकही अंडं तळाशी बसू नये. लिटरला सपाट अर्धा टीस्पून अंडी पुरतात. जास्त घातली तर प्राणवायू कमी पडून उलट कमी उबतात. १८ ते ३६ तासांत पाणी केशरी होतं. दोन्ही बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावल्या की रोज सकाळी आणि संध्याकाळी ताजी खेप हाताशी येते. अंडी बहुतेक युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकची असतात. डब्यावर ८० ते ९० टक्के उबवण लिहिलेली घ्या आणि हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. ओल लागली की उबवण घसरते.

अंडी तशीच उबवण्याऐवजी आधी सोलून घ्या, हा आमचा आग्रह आहे. कवच पिल्लाच्या आतड्यात अडकतं. शिवाय जिवाणू आणि नको असलेले जीव कवचावरूनच टाकीत शिरतात. सोलायची रीत अशी: अंडी तासभर गोड्या पाण्यात हवा सोडून भिजवा. मग भांडं बर्फात ठेवा आणि अंड्यांच्या पाण्याइतकंच बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून सतत ढवळा. तपकिरी अंडी राखाडी होतात, मग पांढरट, आणि तीन ते सात मिनिटांत केशरी. केशरी रंग दिसला की क्षणाचाही उशीर न करता १२० मायक्रॉनच्या चाळणीवर ओता आणि वास पूर्ण जाईपर्यंत नळाखाली धुवा. शेवटी क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात बुडवून पुन्हा धुवा. मिश्रण गरम होऊ दिलं तर आतला जीव मरतो, म्हणून बर्फ. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि ब्लीचजवळ व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल आणू नका. सोललेली अंडी संपृक्त मिठाच्या पाण्यात, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात.

चारा काढताना हवा बंद करून टोकाशी उजेड धरा. नॉप्लियस, म्हणजे नुकती फुटलेली पिल्लं, उजेडाकडे खाली गोळा होतात. दहा मिनिटांत नळीने ओढून चाळणीवर घ्या आणि धुवा. त्याहून जास्त वेळ गर्दीत बसली तर गुदमरतात. उबवणीचं पाणी टाकीत कधीही ओतू नका, त्यात जिवाणूंचं सूपच असतं.

नुकत्या फुटलेल्या नॉप्लियसच्या अंगात बलकाची शिदोरी असते. सात-आठ तासांत ती ओसरते आणि साधारण त्याच सुमाराला त्यांचं तोंड उघडतं. तोवर घोड्याच्या पोटात गेली नाहीत तर पुढे नुसतं पाणी खाऊ घातल्यासारखं होतं. म्हणून सकाळी ताजी खेप द्या, आणि उरलेली स्वच्छ खाऱ्या पाण्यात डीएचए (ओमेगा-३ मेदाम्ल) असलेल्या पोषक इमल्शनवर बारा तास ठेवून, धुवून, संध्याकाळी द्या. दिवसातून दोनदा किमान, पिल्लं असतील तर तीनदा. खाऊ घालताना हवा अर्धा तास मंद करा. प्रमाण डोळ्यांनी ठरवा: प्रत्येक घोड्याच्या तोंडासमोर एक-दोन नॉप्लियस सतत तरंगताना दिसले पाहिजेत. पुढच्या वेळेला जुने ढीगभर दिसले तर मात्रा कमी करा. मंद बुडबुड्यांत कान दिला तर चारा ओढताना बारीक 'टिक' ऐकू येते.

हायड्रॉइड

बुटक्या घोड्यांच्या टाक्या सगळ्यांत जास्त याच कारणाने बुडतात, आणि तुमच्या चाऱ्यावरच हा शत्रू पोसला जातो. हायड्रॉइड हा जेलीफिशचा जवळचा नातलग. जिवंत खडक, शेवाळाची फांदी, गोगलगाय, दुसऱ्या टाकीतली नळी यांपैकी कशावरूनही येतो. इथे त्याला खाणारं कुणी नाही आणि चारा मात्र चोवीस तास.

आठवड्यातून एकदा दिवा मालवा, टॉर्च काचेला तिरका धरा आणि भिंग घेऊन बघा. काचेवर कोळ्याच्या धाग्यासारखी पांढरी रेघ, तिच्यावर मिलिमीटरभर उंचीचे देठ, देठाच्या टोकाला दोऱ्यांचं कडं, आणि त्यात अडकून तडफडणारा केशरी नॉप्लियस: हाच तो. पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढ्या टोप्या उघडझाप करत पोहताना दिसल्या तर तो पसरायला लागला आहे. त्याचा डंख मोठ्या घोड्याच्या कातडीवर जखम करतो, तिथून जिवाणू शिरतात. पिल्लू मात्र डंखानेच मरतं.

खरवडून उपयोग नाही, तुकड्यातून नवा फुटतो. उपाय फेनबेंडाझोल, म्हणजे जनावरांचं जंताचं औषध. २२.२ टक्के दाणेदार पॅनाक्युर १० गॅलनला १/८ टीस्पून, टाकीच्या पाण्यात नीट खलून, एक दिवसाआड तीनदा. घोडे ते सहन करतात. मेलेले हायड्रॉइड कुजून अमोनिया वाढतो, म्हणून रोज मोजा. शेवटच्या मात्रेनंतर दोन दिवसांनी अर्धं पाणी बदलून औषध शोषणारा कार्बन लावा. औषध सच्छिद्र खडकात मुरतं. त्या टाकीत पुढे कित्येक महिने टर्बो, ट्रोकस, अ‍ॅस्ट्रिया गोगलगायी आणि नळीतले पिसारेदार किडे तगत नाहीत. नॅसेरियस आणि सेरिथ बहुतेक वाचतात. खरं तर रिकामी टाकी मुरत असतानाच हा एक फेरा उरकून घेणं सगळ्यांत शहाणपणाचं, आणि नवं शेवाळ आधी वेगळ्या बादलीत याच औषधात ठेवून मग आत सोडा.

घोडे आल्यावर

पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीचं पाणी मिसळा. दोन्हीकडचा खारटपणा मोजून घ्या. घोडा जाळीने उचलून हवेत आणू नका, तो हवा गिळू शकतो. पेल्याने पाण्यासकट हलवा. पिशवीतलं पाणी टाकीत नको.

दर आठवड्याला १५ ते २० टक्के पाणी बदला आणि बारीक हवेच्या नळीने तळ उपसा. नळीचं दुसरं टोक आधी पांढऱ्या भांड्यात सोडा, कारण त्यातून हमखास एखादं पिल्लू येतं. स्पंज टाकीच्या काढलेल्या पाण्यातच पिळा.

एखादा घोडा खाईना झाला तर आधी अमोनिया, तापमान आणि खारटपणा बघा, मग चाऱ्याचं वय. नराची पिशवी फुगून तो उलटा वर तरंगत असेल तर पिशवीत वायू साठला आहे. शेपटीवर कातडीखाली बुडबुडे आले तर तोच आजार वेगळ्या जागी. अ‍ॅसिटाझोलामाइड त्यावर चालतं, पण पशुवैद्याकडून मात्रा ठरवून. तोंडाच्या नळीवर पांढरे चट्टे किंवा झड दिसली तर जिवाणूंचा संसर्ग. असा घोडा लगेच वेगळ्या भांड्यात हलवा.

पिल्लं

नराच्या पोटाखाली, शेपटी सुरू होते तिथे, गुळगुळीत पिशवी असते. मादीचं पोट तिथे कोन करून एकदम संपतं. पहाटे दिवा लागला की जोडी एकमेकांसमोर येते, रंग उजळतो, अंग थरथरतं. हे रोज चालतं, आणि रोज दिसत असेल तर टाकीचं बरं चाललंय. मादी अंडी नराच्या पिशवीत घालते. दहा ते चौदा दिवसांनी, बहुधा रात्री, नर पिल्लं बाहेर फेकतो. एका खेपेला पाच ते पंचवीस येतात, आणि दिवसा-दोन दिवसांत त्याची पिशवी पुन्हा भरलेली असते.

आईबाप पिल्लांना खात नाहीत. चारा दाट आणि हायड्रॉइड शून्य असतील तर पिल्लं तिथेच वाढतात. जास्त जगवायची असतील तर वेगळ्या मुरलेल्या टाकीत पेल्याने हलवा, शेवाळाच्या दोन-चार फांद्या द्या आणि उजेड बाजूने ठेवा. वरून प्रखर दिवा असला की चारा पृष्ठभागाशी जमतो, पिल्लं तिथे खायला जातात, हवा गिळतात आणि तरंगत राहतात.

साधारण तीन महिन्यांत ती वयात येतात. आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं, म्हणजे पहिल्या जोड्या म्हाताऱ्या होईपर्यंत टाकी नातवंडांनी भरलेली असते. पाच गॅलनमध्ये पाच जोड्यांच्या पुढे गर्दी गेली तर दुसरी टाकी आधीच मुरवून ठेवा, किंवा जास्तीचे घोडे दुसऱ्या पाळणाऱ्याला देऊन त्याच्याकडचे बदल्यात घ्या. सगळी एकाच जोडीची प्रजा राहत नाही.