सॉफ्ट हॅकल फ्लायचे तंतू पाण्यात गळाला चिकटत असल्यास : माझा अनुभव

हिमाचलातील तीर्थन नदीत ट्राउट माशांसाठी लागणाऱ्या सॉफ्ट हॅकल फ्लाय (गळावर धागा आणि मऊ पीस गुंडाळून केलेली किड्यासारखी आमिषे) मी कोल्हापुरात घरीच बांधतो. कोरडेपणी छत्रीसारखे उघडे राहणारे पिसाचे तंतू पाण्याची ओढ लागताच गळाच्या दांड्याला चिकटून बसत. पिसाचे वेढे वाढवल्याने फ्लाय जाड झाली, ताठ पिसाने मऊपणाच गेला. अगदी वैताग आला होता.

उपाय पिसाच्या मागच्या जागेत निघाला. १४ नंबरच्या गळावर मेण लावलेला नारिंगी रेशमी धागा (गुजरी या सराफ पेठेत पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने गुंफणाऱ्याकडे, मिळणाऱ्या धाग्याचा एकच पदर) गळाच्या डोळ्यामागून, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्रामागून, गळाच्या टोकाच्या रेषेपर्यंत लगतचे वेढे देत न्यावा आणि तसाच परत आणावा. डोळ्याच्या दोन मिलिमीटर मागे धाग्यावर चिमूटभर लोकर पिळून दोनच वेढ्यांचा लहानसा उंचवटा करावा. दख्खनी मेंढीची राठ लोकर भिजूनही दबत नाही, म्हणून मला तीच पसंत आहे. या फ्लायसाठी एरवी तित्तिराचे पीस वापरतात, पण आपल्याकडचे तित्तीर कायद्याने संरक्षित असल्यामुळे गावठी कोंबडीचे ठिपकेदार पीस घ्यावे, बुडाकडची लव काढावी, शेंड्याकडून, चकचकीत बाजू डोळ्याकडे ठेवून, उंचवट्याला लागूनच बांधावे, दोन वेढे द्यावेत आणि देठ कापून गाठ मारावी. आता प्रवाहात आडवी टाकलेली फ्लाय खाली वळताना तंतू लोकरीवर टेकतात आणि ओढ सैल होताच पुन्हा उघडतात.