झणझणीत चिकन अराबियाता पास्ता, घरच्या कढईत

आधीच सांगून ठेवते, रोममधे अराबियाता मागवलात तर त्यात चिकन नसतं. लसूण, सुकी लाल मिरची, टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइल, एवढाच तो सॉस, आणि तिकडे चिकन वगैरे पास्ता खाऊन झाल्यावर वेगळ्या ताटात येतं. पास्त्यातच चिकन घालायचं हे जास्त करून अमेरिकेतल्या इटालियन हॉटेलांमधलं. पण रविवारी घरात चिकन नसेल तर आमच्याकडे जेवायला बसताना तोंडं वाकडी होतात, त्यामुळे घालायचं, नियमवाले काय बोलायचं ते बोलोत.

चार जणांसाठी पेने (तिरक्या कापलेल्या नळ्यांचा पास्ता) 350 ग्रॅम घ्या. पाकिटावर ड्युरम व्हीट सेमोलिना, म्हणजे कडक जातीच्या गव्हाचा रवा, लिहिलंय का ते बघा, कारण स्वस्तातला मैद्याचा पास्ता जरा जास्त शिजला की सरळ लगदा होतो. बोनलेस चिकन 400 ग्रॅम, शक्यतो थाय पीस, ब्रेस्ट पटकन चिवट होतं. लालबुंद पिकलेले टोमॅटो 800 ग्रॅम, लसणाच्या 8-10 मोठ्या पाकळ्या, ऑलिव्ह ऑइल 4-5 मोठे चमचे. मिरच्या मी 3 ब्याडगी आणि 2 गुंटूर अशा घेते, ब्याडगीने रंग येतो पण ती एकटी असली तर तिखटाच्या नावाने बोंब. पिझ्झाबरोबर आलेल्या चिली फ्लेक्सच्या पुड्या फ्रीजच्या दारात साठलेल्या असतात ना, त्या राहू द्या तिथेच, त्यांचा वास कधीच उडालेला असतो.

चिकनचे इंचभराचे तुकडे करून मीठ आणि भरड मिरपूड लावून वीसेक मिनिटं ठेवा. हळद नको, दही नको, आलं-लसूण पेस्ट तर अजिबात नको, हात आपोआप त्या बाटलीकडे जातो माहितीये, पण ती पडली की पुढे कितीही चीज किसा, शेवटी चिकन मसालाच होणार. तुकडे टिश्यूने कोरडे करून घ्या, कढईत थोडं तेल चांगलं तापवून गॅस मोठा ठेवूनच टाका आणि मग दोन-तीन मिनिटं हलवायचं नाही. सगळं एकदम टाकलंत तर पाणी सुटतं आणि चिकन भाजायच्या ऐवजी उकडतं, म्हणून दोनदा करून टाका, झाकणही ठेवू नका. दोन्ही बाजूंनी तांबूस झालं की काढून ठेवा, आतून कच्चं असलं तरी चालेल, नंतर सॉसमधे शिजतंच. कढई घासू नका, तळाला जे लागलंय त्यात सगळी चव आहे.

आता सॉस. इथे आपल्या फोडणीच्या बरोबर उलटं करायचंय. गॅस बंद करून कढई जरा निवू द्या, मग बाकीचं तेल, चिरलेला लसूण आणि हाताने तोडलेल्या मिरच्या सगळं एकत्र घालून गॅस अगदी मंद लावा. तेल हळूहळू तापतं, लसणाभोवती बारीक बुडबुडे येतात, तेल लालसर व्हायला लागतं, या डिशचा सगळा तिखटपणा या पाच मिनिटांतच तेलात उतरतो, नंतर वरून लाल तिखट भुरभुरवून ती चव येत नाही. लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की लगेच टोमॅटो. लसूण करपला तर मात्र तेल फेकून नव्याने सुरुवात करा, कडवटपणा कशानेच लपत नाही.

टोमॅटो आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून सालं काढून हाताने चुरडून ठेवलेले असावेत. मिक्सरमधे फिरवले की फेस येतो आणि सॉस फिकट केशरी दिसतो, मला नाही आवडत. वीसेक मिनिटं आटवा, कडेने तेल सुटेपर्यंत. आपले टोमॅटो कधी कधी फार आंबट निघतात, मग चिमूटभर साखर घाला, केचप नाही. कांदा पण नाही. मीठ बेतानंच, पास्त्याचं पाणी खारट असणार आहे.

टोमॅटो आटतोय तोवर मोठ्या पातेल्यात साडेतीन लिटर पाणी ठेवा, उकळी आली की दोन मोठे चमचे मीठ. तेल घालू नका, सॉस नीट चिकटत नाही. पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर 9 मिनिटांनीच एक पेने दाताखाली तोडून बघा, नळीच्या जाडीत मधोमध बारीक पांढरी रेघ दिसली की काढायची वेळ झाली. त्याच्या आधी वाटीभर पाणी बाजूला काढून घ्या, आणि पास्ता गार पाण्याखाली धुऊ नका प्लीज, सगळा स्टार्च वाहून जातो.

चिकन सॉसमधे टाकून पाचेक मिनिटं उकळा, सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये (थर्मामीटर असेल तर 74 अंश). मग पास्ता घाला, पळीभर ते पाणी घाला आणि मोठ्या गॅसवर दोन मिनिटं खालीवर करत राहा. पातळ दिसणारा सॉस बघता बघता दाटसर होऊन नळ्यांना धरतो. गॅस बंद करून मग चीज. पेकोरिनो किंवा पार्मेझान महाग आहे, पण छोटा तुकडा किसून पुरतो, क्यूबवालं प्रोसेस्ड चीज घालण्यापेक्षा काहीच घालू नका. वरून पार्सली, नाही मिळाली तर बेसिलची चार पानं. कुंडीतली तुळस चालणार नाही, आणि कोथिंबीर घातली की गाडी परत रश्शाकडे वळते.

घरात लहान मुलं असतील तर त्यांचा सॉस छोट्या कढईत बिनमिरचीचा वेगळाच करा, मागाहून मिरच्या वेचून काढून काही फायदा नाही, तिखट तेलात गेलेलं असतं. उरलाच तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमधे कोरडा पडतो, त्यापेक्षा कढईत अर्धी वाटी पाणी घालून गरम करा.