रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो? मग या चुका टाळा

रविवारी चार-पाच वाजेपर्यंत सगळं मस्त चाललेलं असतं आणि मग एकदम काहीतरी बिनसतं, ऑफिसमधून फोन नाही, कोणी काही बोललेलं नाही, तरी धडधड, चिडचिड आणि घरच्यांवर उगाच खेकसणं सुरू. बरी नोकरी असलेल्यांचंही हेच होतं, त्यामुळे "मी कामचुकार आहे का" हा प्रश्न आधी सोडा. खरी गंमत अशी की या धास्तीवर आपण जे उपाय करतो त्यातले बरेचसे तिला अजून वाढवतात.

सगळ्यात मोठी चूक शुक्रवारी होते. घड्याळात वेळ झाली की लॅपटॉप फाडकन बंद करून पळायचं, अर्धवट कामं डोक्यात तशीच. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडलं होतं की अपुरी कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसं दिसलं नाही म्हणा, पण २०११ मध्ये मासिकांपो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांना जे आढळलं ते आपल्या जास्त कामाचं आहे: काम संपवायलाच पाहिजे असं नाही, ते कधी आणि कसं करणार हे नीट ठरवलं तरी डोकं बऱ्यापैकी शांत होतं. म्हणून निघायच्या आधी दहा मिनिटं काढा. आणि नुसतं "रिपोर्ट" असं लिहू नका, त्याने काहीच होत नाही, "सोमवारी ११ वाजता रिपोर्टचं दुसरं पान, त्याआधी अकाउंट्सकडून आकडे मागवणे" असं लिहा.

शुक्रवार हातातून गेला असेल तर रविवारी लिहा, अगदी झोपायच्या आधी लिहिलं तरी चालतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ५७ तरुणांवर हे करून बघितलं, पुढच्या कामांची यादी पाच मिनिटं लिहिणारे झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली तितकी झोप लवकर.

दुसरी चूक, "फक्त एकदा मेल बघतो". अहो, रविवारी रात्री नऊ वाजता तो मेल बघून करणार काय? ज्याला विचारायचं तोही सुट्टीवर, म्हणजे काळजी आत्तापासून आणि उत्तर उद्या. काही जण म्हणतात बघितलं की बरं वाटतं, ठीक आहे, मग अर्ध्या तासाने कसं वाटतंय तेही बघा, खरं काय ते तिथे कळतं. बघायचंच असेल तर दिवसा, ठरवून, आणि शक्यतो फक्त सोमवारचं कॅलेंडर.

तिसरी चूक म्हणजे "आता ऑफिसचा विचारच नाही करायचा" असं स्वतःला बजावणं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांचा १९८७ चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग यावरच होता, लोकांना त्या अस्वलाचा विचार करू नका सांगितलं तर तेच परत परत डोक्यात यायला लागलं. त्यापेक्षा उलट करा, नेमकं कशाला घाबरताय ते शोधा. अख्ख्या सोमवारची भीती सहसा नसतेच, साडेदहाची मीटिंग असते, एखादा माणूस असतो, नाहीतर दोन आठवडे टाळलेला एक फोन असतो. फोन असेल तर तो सोमवारी सगळ्यात आधी करून टाका, दुपारपर्यंत लांबवू नका.

झोपेचं गणित तर सगळेच चुकवतात. रविवारी अकरा वाजता उठायचं आणि रात्री साडेदहाला झोप येत नाही म्हणून टेन्शन घ्यायचं, येणार कशी, जागं होऊन बारा तासही झाले नाहीत! सुट्टीच्या आणि कामाच्या दिवसांतल्या झोपेच्या वेळांच्या या फरकाला झोपेचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सोशल जेटलॅग असं नाव दिलं. उठण्यात तासाभरापेक्षा जास्त फरक नको. संध्याकाळची कॉफीही नको, कारण पाचेक तासांनीही त्यातलं साधारण निम्मं कॅफीन अंगात असतं. आणि दारूने झोप लागते खरी पण उत्तररात्री मोडते. पडून बराच वेळ झाला तरी झोप नसेल तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, घड्याळ मात्र बघू नका.

कपडे, साफसफाई, बिलं सगळं रविवारवर ढकलू नका, थोडं शनिवारी उरका. रविवारी संध्याकाळी काहीतरी आवडीचं ठरवून ठेवा, रिकामी संध्याकाळ धास्तीच्या फार सोयीची असते.

सोमवारी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या "नोकरी सोडतो" असं वाटलं तर लगेच काही ठरवू नका. उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, तसंही वाढतं, आणि कामाच्या दिवशी सुट्टीपेक्षा जास्त वाढतं असं दिसलंय. तोच विचार बुधवारी दुपारीही येत असेल तर मग तो गंभीरपणे घ्या, कारण वरिष्ठ रोज अपमान करत असेल किंवा दोन माणसांचं काम एकावर असेल तर याद्या लिहून काही होणार नाही, तिथे कामाची वाटणी, बदली नाहीतर दुसरी नोकरी यावरच बोलावं लागतं.

आणि धास्ती शनिवारपासूनच सुरू होत असेल, उलट्या होत असतील, दारू किंवा गोळीशिवाय झोप नसेल तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा, किती आठवडे चाललंय आणि नेमकं काय काय होतं ते लिहून न्या म्हणजे तिथे गेल्यावर आठवत बसावं लागत नाही. जगायलाच नको असं वाटत असेल तर सोमवारची वाट बघू नका, त्याच क्षणी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या.