मिरचीची रोपं ट्रेमध्येच बसली? खत देण्याआधी मूळ बघा

अक्षय तृतीयेच्या आसपास ट्रेमध्ये बी टाकायचं आणि मृगाचा पाऊस पडला की रोप शेतात न्यायचं, हा मिरचीचा हिशेब आपल्याकडे पिढ्यांपासून चालत आलाय. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास आणि मिरचीचं रोप तयार व्हायला ३५ ते ४० दिवस लागतात, म्हणजे गणित जुळतं. पण मे महिना अर्ध्यावर आला की फोन सुरू होतात. “उगवण चांगली झाली, आठ दिवस रोप बरं होतं, आता जागचं हलेना. १९:१९:१९ खत दिलं, मुळीसाठी ह्युमिक ॲसिड दिलं, अजून काय देऊ?”

काही देऊ नका. आधी एक रोप उपटा.

हे काम सकाळी, पाणी देण्याआधी करा. कप्प्याच्या खालच्या भोकातून काडीनं किंवा बोटानं हलकं दाबून कोकोपीटचा (ट्रेत भरलेल्या नारळाच्या भुशाचा) गोळा अख्खा बाहेर काढा. पंधरा-अठरा दिवसांच्या निरोगी रोपाची पांढरी मुळी गोळ्याच्या कडेनं खालपर्यंत उतरलेली दिसते आणि गोळा हातात न फुटता येतो. बसलेल्या रोपाचा गोळा हातातच सुटतो, कारण त्याला बांधून ठेवायला मुळ्याच नसतात. आता नीट बघा. मुळीची टोकं तपकिरी, करपल्यासारखी असतील तर क्षाराचा त्रास आहे. मुळी काळपट पडली असेल, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल सरकून हातात येत असेल आणि आत नुसता दोरा राहत असेल, तर पाणी जास्त झालंय आणि मूळकूज लागलीय. मुळी पांढरी आहे पण तुटपुंजी, आणि गोळा मधोमध कोरडा ठणठणीत असेल, तर वरून दिलेलं पाणी आतपर्यंत पोहोचतच नाही.

या तिन्हींत क्षाराचा त्रास मला सर्वांत जास्त दिसतो, आणि तोच सर्वांत कमी ओळखला जातो. नारळाच्या सोडणातून निघणाऱ्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर जास्तच. नीट न धुतलेल्या कोकोपीटच्या दाबलेल्या विटा स्वस्तात मिळतात आणि फुगवल्यावर दिसायला सारख्याच दिसतात. त्यात मे महिन्यात विहिरी तळाला जातात, बोअरचं पाणी जड होतं, म्हणजे पाण्यातूनही क्षार येतो. आणि त्यावर आपण रोप भुकेलं आहे असं समजून विद्राव्य खत देतो. खत म्हणजेसुद्धा क्षारच. लिटरला एक ग्रॅम खत टाकलं तरी पाण्याचा ईसी, म्हणजे त्यात किती क्षार आहे ते दाखवणारा मीटरचा आकडा (mS/cm), जवळपास १ ने वाढतो. मिरची या बाबतीत टोमॅटोपेक्षा नाजूक आहे. टोमॅटो जे पाणी सोसतो, त्यात मिरची थांबते.

हे मी स्वतः भोगलंय. एका वर्षी घाईत आणलेल्या कोकोपीटमध्ये मिरचीचे दीडशे ट्रे भरले. दोन पानांवर रोप थबकलं. पानं गर्द हिरवी, जाडसर, कडा किंचित वळलेल्या. मी आठवड्यात तीनदा खत दिलं. शेवटी दुपारी उन्हात एक ट्रे तिरका धरला तेव्हा गोळ्यांच्या वर पांढरी साय धरलेली दिसली. बोटानं खरवडून जिभेला लावली तर खारट. निम्मे ट्रे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून खिशात ईसी मीटर असतो.

तपासणी सोपी आहे. ट्रेला पाणी दिल्यावर अर्ध्या तासानं वरून थोडं साधं पाणी ओता आणि खालून गळणारं पाणी स्वच्छ वाटीत धरा. ओतलेल्या पाण्याचा आणि गळालेल्या पाण्याचा ईसी मोजा. गळालेल्या पाण्याचा आकडा बराच वर असेल तर क्षार गोळ्यात साचलाय. अशा वेळी खत पूर्ण बंद करा आणि सलग दोन सकाळी ट्रे साध्या पाण्यानं भरपूर धुऊन काढा, दोन्ही आकडे जवळ येईपर्यंत. ट्रे जमिनीवर टेकलेले असतील तर पाणी निघणार नाही, म्हणून ते आधी बांधकामाच्या विटांवर किंवा तारेच्या मांडवावर उचलून घ्या. ओतलेल्या साध्या पाण्याचाच ईसी १ च्या वर असेल तर धुऊन उपयोग नाही. शेततळ्याचं किंवा कालव्याचं पाणी मिळत असेल तर निदान रोपवाटिकेपुरतं ते वापरा, किंवा बोअरच्या पाण्यात मिसळा. पुढच्या खेपेला वीट फुगवतानाच कोकोपीट धुवा, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि पुन्हा धुवा. कॅल्शियममुळे चिकटून बसलेला सोडियम सुटून पाण्याबरोबर निघून जातो.

पाण्याच्या सवयीबद्दलही बोलायला हवं. उन्हाच्या धास्तीनं दिवसातून चार-चार वेळा झारी फिरवली जाते. वरचा थर सतत ओला, खाली हवा नाही, कडेला हिरवं शेवाळ, आणि झारी फिरवली की बारीक काळ्या माश्या उठतात. या माश्यांच्या अळ्या कोवळी मुळी कुरतडतात. रोपाला ओल हवी तसा वाफसाही, म्हणजे मुळाशी हवाही हवी. ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्यायला शिका. पाणी दिलेला ट्रे आणि तहानलेला ट्रे यांच्यातला फरक दोन दिवसांत हाताला कळतो. सकाळी सातच्या आत एकदा भरपूर पाणी द्या, दुपारी नुसता हलका फवारा, तोही पानांवरचा ताप उतरवण्यापुरता. संध्याकाळी पान ओलं ठेवू नका. आणि उन्हात पडलेल्या काळ्या पाइपमधलं पहिलं पाणी ट्रेवर कधीही सोडू नका. दुपारी दोन वाजता ते हात भाजेल इतकं तापलेलं असतं. आधी ते बाजूला सोडून द्या.

बसलेली रोपं शेडनेटमध्ये कुठे आहेत, तेही पाहा. सगळ्या ट्रेमध्ये सारखी असतील तर पाणी किंवा माध्यम तपासा. फक्त पश्चिमेच्या कडेची असतील तर दुपारचं ऊन आणि गरम वारा आत येतोय, त्या बाजूला गोणपाट बांधून ओलं ठेवा. एकाच दिवशी भरलेल्या ट्रेमध्ये असतील तर ती वीट किंवा त्या बियाण्याचा लॉट वेगळा आहे. ट्रेमध्ये मध्येच एखादं रोप बुटकं, शेजारचं चांगलं, असं असेल तर बी खोल पडलंय. मिरचीचं बी अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा खाली नको.

फवारणीनंही रोप बसतं, हे फार जणांना पटत नाही. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल यांसारखी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं रोपाची उंची दाबतात, कारण ती वाढीचं जिबरेलिन तयार होण्यात अडथळा आणतात. मोठ्या झाडाला त्याचं काही वाटत नाही, दोन पानांच्या रोपाला वाटतं. मर रोगाच्या (रोपं बुडातून कोलमडून मरण्याच्या) भीतीनं ती ट्रेमध्ये मारू नका. कोकोपीटमध्ये आधीच ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा, पाण्याचा निचरा सांभाळा, आणि मर दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) लेबलवरच्या मात्रेत करा. उसात २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी रोपवाटिकेत आणू नका. पानं दोरीसारखी अरुंद आणि पिळलेली दिसली तर आधी पंपाचा इतिहास विचारा.

पान वरच्या बाजूला वळून वाटी झाली असेल तर फुलकिडे, खाली वळून उलट्या होडीसारखं झालं असेल तर कोळी. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, फुलकिडे कागदावर चालताना दिसतील. पूर्ण बोकड्या झालेली, म्हणजे पानं वळून आखडून गेलेली रोपं उपटून नष्टच करा, ती सुधारत नाहीत.

कारण सापडलं आणि दुरुस्त केलं की सात-आठ दिवसांत गोळ्याच्या कडेला नवी पांढरी मुळी दिसायला हवी. शेंड्याकडे पाहू नका, मुळीकडे पाहा. शेंडा त्यानंतर हलतो. मुळी चालू झाली की मगच खत, तेही लिटरला अर्धा ग्रॅमपासून. आठ दिवसांनीही गोळा हातात सुटत असेल तर तो ट्रे रिकामा करून नव्यानं बी टाका. २० मेला टाकलेलं बी जूनच्या शेवटी लागवडीला येतं आणि ती लागवड चांगली निघते. बियाण्याचे पैसे गेले म्हणून थबकलेलं रोप शेतात नेलं तर मल्चिंग, ठिबक, मजुरी हे सगळं त्या मेलेल्या मुळीवर खर्च होतं.

रोपं विकत घेणाऱ्यांनीही गाडी भरण्याआधी वेगवेगळ्या ट्रेमधून पाच-सहा गोळे काढून बघावेत. रोपवाटिकेवाला नाही म्हणत असेल तर तिथली रोपं घेऊ नका.